कामावर हात गेला, आजारपण लांबलं, आता पगाराचं काय? अपंगत्व विम्याचा अर्ज आणि ऑफिसकडून वेळेत मदत, समजून घ्या

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये माझा मावसभाऊ कामाला आहे. वय २६. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळी संपायला तासभर उरला असताना मशीन अचानक दुसऱ्यांदा खाली आलं आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला.

सुपरवायझरने हाताला फडकं गुंडाळलं, त्याला स्वतःच्या बाईकवर बसवलं आणि जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. इथपर्यंत माणूस देवासारखा वागला. मग दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला, “डॉक्टरला सांग, घरी दरवाज्यात बोट अडकलं. कंपनीचं नाव आलं तर लफडं होतं. खर्चाचं आम्ही बघतो, तू टेन्शन घेऊ नको.”

हातातून रक्त वाहतंय, समोर उद्याची नोकरी आहे. अशा वेळी कोण वाद घालणार? भावाने दरवाज्याचीच गोष्ट सांगितली. पण डॉक्टरांनी जखम बघितली आणि म्हणाल्या, “दरवाज्यात अंगठा असा चेपत नाही.” तेव्हा तो खरं बोलला. डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली : प्रेस मशीनमध्ये हात सापडून दुखापत.

त्या एका ओळीची किंमत किती, ते आधी बघू. म्हणजे पुढचं सगळं डोक्यात नीट बसेल.

समजा पगार महिन्याला १८,००० रुपये, म्हणजे दिवसाला ६००. माणूस ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे. दुखापत ‘घरी’ झाली असेल तर ती साधं आजारपण धरली जाते. त्यासाठी पगाराच्या ७० टक्के, म्हणजे दिवसाला ४२० रुपये, तेही वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. बेरीज ३८,२२० रुपये. विषय संपला.

तीच दुखापत ‘कामावर’ झाल्याची नोंद असेल तर पगाराच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ५४० रुपये. याला ९१ दिवसांची मर्यादा नाही, काम करता येत नाही तोपर्यंत मिळतात. आणि उपचार संपल्यावर कायमचं अपंगत्व राहिलं तर त्याचा वेगळा लाभ. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठा जाणं म्हणजे कमाईची क्षमता ३० टक्के कमी होणं. ५४० चे ३० टक्के म्हणजे दिवसाला १६२, महिन्याला साधारण ४,८६० रुपये. किती वर्षं? आयुष्यभर. तो पुन्हा कामावर गेला, पूर्ण पगार घेऊ लागला, तरीही.

“घरी दरवाज्यात बोट अडकलं” हे वाक्य २६ वर्षांच्या मुलाला एवढ्याला पडलं असतं. आणि ते सांगणारा सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, हे मला अजूनही नीट पचत नाही.

अपंगत्व विमा नेमका असतो कुठे?

आता गंमत अशी की भारतात ‘अपंगत्व विमा’ नावाची एकच एक खिडकी नाही. तुमच्याकडे तो असतो, पण तुकड्यातुकड्यांत : थोडा पगाराच्या स्लिपमध्ये, थोडा पीएफमध्ये, थोडा बँकेच्या खात्यात, थोडा ऑफिसने काढलेल्या ग्रुप पॉलिसीत. यातला कुठला तुकडा तुमच्या कामाचा, हे दोन प्रश्नांवर ठरतं. दुखापत किंवा आजार कामामुळे झाला की कामाबाहेर? आणि तुमचा पगार किती?

(एक खुलासा. आजचा कायदा ‘दिव्यांग’ म्हणतो, विम्याच्या फॉर्मवर मात्र ‘अपंगत्व’ असतं. लेखात दोन्ही शब्द येतील. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआय, पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगार नुकसानभरपाई हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र आले आहेत. लोक अजून जुन्याच नावांनी बोलतात, आपणही तीच वापरू.)

तर आधी फोनमध्ये पगाराची स्लिप उघडा. ‘ईएसआय’ असा कपातीचा रकाना दिसतोय का? पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तो दिसायला हवा. आधीच दिव्यांग असलेल्या कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा २५,००० आहे. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १८,००० पगारावर तुमचे जातात १३५ रुपये. अनेकांना वाटतं, हे सरकारी दवाखान्याचे पैसे. प्रत्यक्षात तो तुमचा अपंगत्व विमाही आहे.

रकाना आहे, पण विमा क्रमांक माहीत नाही? आजच मागून घ्या. कामावर घेतल्यापासून १० दिवसांत नोंदणी व्हायला हवी, असा नियम आहे. वास्तव वेगळं आहे. वाहन उद्योगातल्या अपघातांवर काम करणारी ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते. अपघात झाल्यानंतर घाईघाईने ईएसआय कार्ड काढलं जातं, ही तक्रार त्यात पुन्हा पुन्हा येते. ठेकेदाराकडे असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तरी मूळ कंपनी हात झटकू शकत नाही.

अपघात झाला. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

जीव आधी, कागद नंतर. जवळ असेल त्या दवाखान्यात जा. पण डॉक्टर विचारतील, “कसं झालं?” तिथे खरं सांगा : कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता. पहिला केसपेपर हाच पुढचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. महिनाभराने बदललेली गोष्ट कोणी ऐकत नाही. केसपेपरचा फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण दवाखान्याच्या फायली कंपनीच्या गाडीतून कंपनीत जातात आणि तिथेच राहतात. हे भावाच्या बाबतीत झालं होतं. फोटो मावशीच्या फोनमध्ये होता म्हणून निभावलं.

मग कंपनीला कळवायचं. कायद्याने तोंडी कळवलेलंही चालतं, पण ज्याला नंतर नाकारायचंय तो तोंडी गोष्ट सहज नाकारतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवा, सुपरवायझरला आणि एचआरला : “आज पहाटे ५ वाजता अमुक मशीनवर काम करताना माझ्या उजव्या अंगठ्याला दुखापत झाली आहे. अपघात नोंदवहीत नोंद करावी.” भांडण नको, आरोप नको. तारीख, वेळ, जागा एवढंच.

अपघात नोंदवही हा शब्द पाठ करा. ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात ती ठेवावी लागते आणि तिच्यात झालेली नोंद म्हणजेच कायदेशीर सूचना मानली जाते. जखमी माणसाच्या वतीने सहकाऱ्याने नोंद केली तरी चालते. यानंतर ईएसआयसीकडे अपघाताचा अहवाल पाठवणं हे मालकाचं काम. तो पाठवत नसेल तर तुम्ही स्वतः केसपेपर, मेसेज आणि विमा क्रमांक घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊ शकता. भावाने तेच केलं. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा त्याला परत पाठवलं, दुसऱ्यांदा अर्ज घेतला आणि पोच दिली. पोच मागायची लाज वाटते आपल्याला. वाटू देऊ नका.

पुढचा टप्पा डॉक्टरांच्या दाखल्याचा. काम करायला असमर्थ असल्याचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरांकडून लागतो, म्हणून खासगी दवाखान्यात सुरुवात झाली असली तरी लवकरात लवकर ईएसआयच्या दवाखान्यात नाव घाला. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बंद असेल तर ९० टक्क्यांचा तात्पुरता लाभ सुरू होतो. याला ‘इतके दिवस वर्गणी भरली पाहिजे’ ही अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

जखम भरली, पण अंगठा परत येत नाही. तेव्हा प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं. बोर्ड तुमची कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभराची रक्कम सुरू होते. बोर्डासमोर जाताना हात फक्त दाखवू नका. या हाताने तुम्ही काय काम करत होता आणि आता काय जमत नाही, ते सांगा.

आणखी एक, खूप कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आला, तर कामावरचाच अपघात धरला जातो. २०१० मध्ये ईएसआय कायद्यात ही दुरुस्ती झाली. पाळी सुटून घरी येताना तळेगाव रस्त्यावर बाईक घसरली, तर “रस्त्यावरचा अपघात, आमचा काय संबंध” हे कंपनीचं उत्तर अंतिम नाही. त्या दिवशीची हजेरी, पंचिंगची वेळ, पोलिसांकडची नोंद जपून ठेवा.

अपघात नाही, आजार आहे. मग?

ईएसआयमध्ये असाल तर ९१ दिवसांचे ७० टक्के आहेत. त्यासाठी मात्र आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. आणि ९१ दिवसांत बरा न होणारा आजार असेल तर? कर्करोग, क्षयरोग, अर्धांगवायू, पार्किन्सन्स, स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. त्यात २ वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के मिळू शकतात. अट आहे २ वर्षं सलग नोकरीची. गंमत म्हणजे या लाभाबद्दल मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या एकालाही तो माहीत नव्हता. त्यात दोन एचआरवालेही होते.

पगार २१ हजारांच्या वर असेल तर?

इथे चित्र जरा फाटकं आहे, स्पष्टच सांगते.

कामावर अपघात झाला तर १९२३ पासून चालत आलेली नुकसानभरपाईची तरतूद आहे. ईएसआयमध्ये नसलेल्या कामगारांना पैसे मालकाने द्यायचे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं, किमान १,४०,००० रुपये. पण तुमचा पगार ४०,००० असला तरी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशोब १५,००० धरूनच होतो. मालक टाळाटाळ करत असेल तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार कार्यालयात आधी जा.

पीएफचं पासबुक उघडा. त्यात पेन्शनचा वेगळा रकाना असेल तर तुम्ही १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत आहात. तिला १० वर्षांची अट असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर १० वर्षांची अट गळून पडते. एक महिन्याची वर्गणीही पुरते. अपंगत्व कामामुळे आलं की घरी पक्षाघात होऊन, याने फरक पडत नाही. अपंगत्व येताना जी कामं करू शकत होता ती आता करता येत नाहीत, हे मेडिकल बोर्डाने म्हणावं लागतं. अर्ज ‘फॉर्म १०-डी’ वर. रक्कम फार नसते, किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे. हजार रुपयांत काय होतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण हक्क आहे तो सोडू नये.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. ५ वर्षांची अट मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर लागू होत नाही. तीन वर्षांत नोकरी सोडावी लागलेल्या माणसाला “तुमची पाच वर्षं कुठे झाली” असं सांगितलं जातं, ते चूक आहे.

बँकेचं स्टेटमेंट बघा. दरवर्षी मे-जूनमध्ये २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०. अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेला तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेला तर १ लाख. आजार यात बसत नाही. दावा ज्या बँकेतून पैसे कापले तिथेच, शक्यतो ३० दिवसांच्या आत.

मग ऑफिसची ग्रुप पॉलिसी. इथे बहुतेकांची गफलत होते. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देतो, बुडालेला पगार देत नाही. पगाराची जागा घेणारी असते ती वैयक्तिक अपघात पॉलिसी, आणि तिच्यात ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हे कलम असेल तरच घरी बसलेल्या आठवड्यांचे पैसे मिळतात. एचआरला एवढंच विचारा : “आपली ग्रुप अपघात पॉलिसी आहे का, आणि त्यात हे कलम आहे का?” डिलिव्हरीचं काम करत असाल तर हाच प्रश्न अ‍ॅपच्या मदत विभागाला विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. स्वतःची घ्यायची असेल तर सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ‘सरल सुरक्षा विमा’ ही एकाच साच्याची अपघात पॉलिसी मिळते.

पण नीट बघा, या सगळ्यात अपघातच अपघात आहे. ३५,००० पगाराच्या माणसाची पाठ धरली, त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, नैराश्याने चार महिने उठवलं नाही, तर पेन्शनचा तो छोटा तुकडा सोडला तर पगाराची जागा घेणारं जवळपास काही नाही. गंभीर आजाराची पॉलिसी घेतली असेल तर यादीतल्या आजारासाठी एकरकमी पैसे मिळतात, नाहीतर शिल्लक रजा आणि नातेवाईक. आपल्या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे. म्हणूनच अशा माणसासाठी पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

नोकरी जाण्याआधी बोला

आपल्याकडे पद्धत काय? दुखणं लपवायचं. रजा संपेपर्यंत ताणायचं. मग एक दिवस एचआर बोलावतं, “तुम्हीच काय ते ठरवा” म्हणतं, आणि माणूस राजीनामा लिहून देतो. कुठलीही व्यवस्था मध्ये येण्याआधी खेळ संपलेला असतो.

जर्मनीत उलट आहे. वर्षभरात कोणाची आजारी रजा ६ आठवड्यांच्या वर गेली, की मालकाने स्वतःहून त्याला भेटीला बोलवायचं आणि कामात काय बदल केला तर हा माणूस टिकेल, यावर चर्चेचा प्रस्ताव ठेवायचा, असा कायदाच आहे. आपल्याकडे मालकावर अशी सक्ती नाही, त्यामुळे पहिलं पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे. म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न पडता कामात करता येण्यासारखे बदल : खुर्ची, पाळी, मजला, सॉफ्टवेअर, कामाचे तास. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि त्यात मानसिक आजार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेल हेही येतं. खासगी कंपनीनेही समान संधी धोरण तयार करून जाहीर करायचं असतं. तुमच्या कंपनीचं धोरण वेबसाइटवर किंवा नोटीस बोर्डावर आहे का, शोधा. मेल लिहिताना त्याचा उल्लेख करता येतो.

मेल कसा असावा? माझ्या एका मैत्रिणीने पाठवलेला, तिच्या परवानगीने :

“गेल्या तीन आठवड्यांपासून मला सलग दोन तासांहून जास्त बसता येत नाही. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. पुढचे सहा आठवडे आठवड्यातून तीन दिवस घरून काम आणि उंची बदलता येईल असं टेबल मिळावं, ही विनंती. सहा आठवड्यांनी आपण पुन्हा बोलू.”

यात आजाराचं नाव नाही, काय जमत नाही ते आहे. मागणी नेमकी आहे आणि तिला मुदत आहे. मॅनेजरला ‘हो’ म्हणायला सोपं जातं, कारण कायमचं काही द्यायचं नाहीये. तिला टेबल मिळालं नाही, घरून काम मिळालं. अर्धं मिळालं, पण नोकरी राहिली. आणि उद्या काही झालंच तर तारखेसकट कागद तयार आहे.

ऑफिसला कमी सांगितलं तरी चालतं, विमा कंपनीला मात्र नाही. पॉलिसी घेताना जुना आजार लपवला तर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

सरकारी नोकरीत असाल तर तुमचं कवच बरंच जाड आहे. नोकरीत असताना दिव्यांगता आली तर सरकारी आस्थापना तुम्हाला काढू शकत नाही, पदही उतरवू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून ठेवायचं. २०१६ च्या कायद्याचं कलम २० हे सांगतं. त्याआधी १९९५ च्या कायद्यातही ही तरतूद होती. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या खटल्यात, पाय कापावा लागलेल्या एका कॉन्स्टेबलला सेवेतून मुक्त केलं होतं. त्याला पेन्शन दिलं की काम भागलं, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

खासगी नोकरीत हे कवच नाही. तिथे भेदभावाविरुद्धची तरतूद आहे आणि पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. वेळ लागतो. म्हणून सरकारी असो की खासगी, एक गोष्ट माझ्याकडून घ्याच : दुखणं चालू असताना, कोणी कितीही गोड बोललं तरी, राजीनामा लिहून देऊ नका. वर सांगितलेल्या अनेक लाभांना ‘नोकरीत असताना’ ही अट आहे. राजीनाम्याच्या कागदावर “वैयक्तिक कारणामुळे” एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुढे सगळे तोच कागद दाखवतात.

एकाच अंगठ्याचे टक्के वेगवेगळे

भावाच्या घरी सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो इथे. ईएसआयच्या बोर्डाने ३० टक्के दिले. मावशी म्हणाली, चला, आता दिव्यांग प्रमाणपत्राचंही काम झालं. नाही झालं.

ईएसआयचे टक्के म्हणजे कमाईची क्षमता किती गेली. दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के म्हणजे शरीराचं काम किती गेलं. ते ठरवणारं बोर्ड वेगळं, तक्ता वेगळा. त्यासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडीचा वेगळा अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. आरक्षणासारख्या बऱ्याच सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. भावाचे त्याहून कमी भरले. खासगी पॉलिसीत तिसराच तक्ता असतो. आणि वीस रुपयांच्या सरकारी योजनेत? तिथे हात गेला तर पैसे, अंगठा गेला तर शून्य.

म्हणजे एका खिडकीवर ‘नाही’ म्हणाले म्हणून दुसरी सोडायची नाही, आणि एकीकडचा दाखला दुसरीकडे आपोआप चालेल असंही धरायचं नाही.

अर्ज फेटाळला तर

ईएसआयच्या मेडिकल बोर्डाने टक्के कमी दिले असं वाटलं तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात अपील करता येतं. मुदत मोजकी असते, म्हणून निकालाचा कागद मिळाला त्याच आठवड्यात हालचाल करा. खासगी विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

भावाचा तात्पुरता लाभ चार महिन्यांनी खात्यात आला, मागच्या तारखेपासून. आता तो त्याच कंपनीत आहे, मशीनवर नाही, स्टोअरमध्ये. ही बदली त्याने स्वतः मागितली होती, लेखी. कंपनीने आधी “बघू” म्हटलं, मग पाळी बदलून दिली, आणि तिसऱ्या अर्जाला स्टोअर दिलं. तो सुपरवायझर अजून तिथेच आहे. दोघं रोज सकाळी एकाच टपरीवर चहा पितात.